एका चार्जमध्ये होसूर

“चार्जिंग दोन तास आधी काढ. एवढंच तर करायचंय,” संताजी म्हणाला. “कुणाला कळणार आहे?”

नागनाथ बॅटरीवरचा नट आवळत होता. त्याने मान वर केली नाही.

“मला कळेल,” तो म्हणाला.

बंगळूरच्या पीण्या भागातल्या त्या कारखान्यात विजेवर चालणाऱ्या छोट्या मोटारी तयार होत. नागनाथ बॅटरी विभागाचा मुख्य मिस्त्री, संताजी कामगारांचा पुढारी. दुसऱ्या दिवशी मालक व्यंकोजीराव एक मोटार घेऊन होसूरला जाणार होते आणि ती चालवायला त्यांनी नागनाथलाच सांगितलं होतं.

होसूर फार लांब नाही, पण ते तमिळनाडूत. तिथे जागा मिळत होती, करात सवलत मिळत होती आणि वीज दिवसभर राहील असा शब्द मिळत होता. शहाण्णव सालच्या त्या उन्हाळ्यात पीण्यात वीज दिवसाचे चार-पाच तास जाई. विजेच्या मोटारींचा कारखाना कंदिलावर चालवायचा का, असं मालकांचा मुलगा रणजीत ज्याला त्याला विचारायचा. हेड ऑफिस आणि कारखाना दोन्ही तिकडे हलवायचं त्यानेच जुळवून आणलं होतं. मोटार बंगळूरहून एका चार्जमध्ये स्वतःच्या चाकांवर आली, तर तिकडचे अधिकारी जागेवरच सह्या करणार होते. नाही आली तर बोलणी संपली. आणि सह्या झाल्या, तर बहुतेक कामगार तिकडचेच घ्यायचे होते.

एकशे वीसपैकी तीस जणांना सोबत येता येईल, असं व्यंकोजीरावांनी गेटवर सगळ्यांसमोर सांगितलं होतं. आवाज चढवला नाही, कारणं दिली नाहीत. यादीत पहिलं नाव नागनाथचं होतं. संताजीचं नव्हतंच.

“तुझी सोय झालीय,” संताजी म्हणाला. “सरी, बरंच झालं.” आणि तो निघून गेला.

नागनाथने आठही बॅटऱ्यांचे नट पुन्हा एकदा तपासले, गाडी चार्जिंगला लावली आणि तो घरी आला.

अंबुबाईने ताट वाढलं. “नळावर संताजीची बायको भेटली,” ती म्हणाली. “बोलली नाही माझ्याशी. वीस वर्षांत पहिल्यांदा.”

“मी काय करू?”

“तुमच्या हातात आहे, असं सगळी गल्ली म्हणते.”

नागनाथने घास मोडला. “गाडी रस्त्यात बंद पडली, तर लोक म्हणतील, विजेची गाडी असलीच. मग होसूर राहू दे, इथेही कुणी घेणार नाही. माझ्या हातून जाईल ती चालणारीच जाईल, अंबू,” तो म्हणाला.

अंबुबाईने वाटीत अजून थोडं सारू वाढलं.

सकाळी सहाला तो पोचला, तेव्हा व्यंकोजीराव शेडमध्ये आधीच येऊन थांबले होते. चार्जिंग पूर्ण झालं होतं. नागनाथने वायर काढली, दोघं बसले आणि गाडी निघाली. गेटपाशी संताजी उभा होता. त्याने मान फिरवली.

शहर अजून पुरतं जागं झालं नव्हतं. गाडीचा आवाज नसल्यामुळे सायकलवाले दचकून बाजूला होत होते. गाडी होसूर रोडला लागली.

“किती माणसं शिकवून तयार केलीस तू?” व्यंकोजीरावांनी अचानक विचारलं.

“साठ-पासष्ट असतील, अण्णा.”

“संताजी?”

“तोही माझ्याच हाताखालचा. काम चांगलं आहे त्याचं.”

व्यंकोजीरावांनी खिडकीबाहेर पाहिलं. “रणजीतने फार धावपळ केली. त्याला नाही म्हणायला मला कधी जमलंच नाही.”

नागनाथने पुढच्या बैलगाडीला वळसा घालून गाडी पुढे काढली.

चंदापूर मागे पडलं, तेव्हा चार्जचा काटा अर्ध्याच्या वर होता. गाडी पोचणार होती. नागनाथला अभिमान वाटला, पण तो क्षणभरच टिकला. आपण कापतोय तो प्रत्येक फर्लांग नव्वद घरांवरून जातोय, असं त्याला वाटत राहिलं.

राज्याच्या हद्दीवरचा अत्तिबेलेचा चेकपोस्ट दिसू लागला. पलीकडे रणजीत आणि अधिकारी वाट पाहत असणार. एका खड्ड्यात चाक आदळलं आणि मोटर थांबली. गाडी घरंगळत रस्त्याच्या कडेला गेली.

नागनाथने मागची सीट उचलली. चौथ्या बॅटरीची केबल निसटली होती. नट अगदी सैल होता. हाच नट काल त्याने स्वतः आवळला होता, दोनदा.

गेटवर मान फिरवणारा संताजी त्याच्या डोळ्यांपुढे आला. आधी राग आला. मग तो ओसरला आणि दुसराच विचार आला. काही बोलायची गरज नव्हती. बॅटरी गेली, एवढं म्हटलं की पुरे. अण्णांना त्यातलं काय कळणार? सगळ्यांची कामं इथेच राहतील आणि गाडी त्याने स्वतः बिघडवलेलीही नसेल.

तीन लॉऱ्या शेजारून गेल्या. नागनाथ तसाच वाकून उभा होता. मग त्याने पिशवीतून पाना काढला.

“नट सैल झालाय, अण्णा. पाच मिनिटांत निघू,” तो म्हणाला. “एकच मागणं आहे. कुणी केलं ते विचारू नका. माणूस वाईट नाही तो.”

व्यंकोजीराव खाली उतरून त्याच्याजवळ आले. त्यांनी नागनाथचं मनगट धरलं.

“पाना खाली ठेव,” ते म्हणाले. “तू यायच्या आधी मीच सैल केला तो.”