अधांतरी बर्फ

"एवढा प्रयोग संपू दे, मग येते," ताई म्हणाली. काचेवरची नजर तिने काढली नाही. संपायला अजून काय व्हायचं राहिलंय, हेही सांगितलं नाही.

धाकटा भाऊ प्रयोगशाळेच्या दारात उभा होता. टायरच्या दुकानातून तो तसाच निघून आला होता. मनगटापर्यंत काळे झालेले हात कुठे ठेवावेत, हे त्याला कळत नव्हतं. तिकडे हॉस्पिटलमध्ये आई यंत्राच्या श्वासावर होती. ती आता शुद्धीवर येणार नाही, हे डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. यंत्र काढायचं की ठेवायचं, एवढंच घरच्यांनी ठरवायचं होतं.

"काल हेच म्हणालीस, परवा हेच म्हणालीस," भाऊ म्हणाला. "मावशी, आत्या, सगळे तिथे बाकावर ताटकळलेत. सगळ्यांच्या तोंडी एकच, थोरलीपाशी अडलंय. या बर्फाच्या खेळापायी हे भिजत घोंगडं किती दिवस ठेवायचं, ताई?"

तो पहिल्यापासून असाच, एक घाव दोन तुकडे करणारा. ताईला त्याचा हेवा वाटला. आणि रागही आला. तिच्या कामाची टिंगल एकट्या आईने करावी, तीही प्रेमाने. "माझ्या फ्रिजमध्ये ढिगाने होतो बर्फ," आई म्हणायची, "त्याला कुणी पगार देत नाही." मग हातात उलथनं देऊन तोच बर्फ ताईकडून खरवडून घ्यायची.

"ये, बघ तरी," ताई म्हणाली.

भाऊ मनाविरुद्ध पुढे आला. पोलादी पिंपाला वाटीएवढी काच होती. आत वर-खाली दोन थाळ्या, द्रवरूप नायट्रोजनने गारठवलेल्या. मधला विरळ वायू विजेने जांभळट पेटला होता, ट्यूबलाइटमध्ये पेटतो तसा. आणि त्या उजेडात बर्फाचे कण अधांतरी थांबले होते. गोल नव्हते ते. पिसांसारखे लांबट, फाटे फुटलेले, नुसत्या फुंकरीने मोडतील असे.

"पडत कसे नाहीत?"

"वीज धरून ठेवते. सगळ्यांवर विजेचा एकाच जातीचा भार असतो, म्हणून एकमेकांना जवळही येऊ देत नाहीत."

"आपल्या घरासारखंच की," भाऊ म्हणाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ताईला किंचित हसू आलं.

"आणि एवढे वाढतात कशाने?"

"पाण्याच्या वाफेने. त्या कॉकमधून अगदी थोडी वाफ आत सोडायची. ती कणांवर चिकटत जाते."

भावाने कॉककडे पाहिलं. त्याचा सगळा जन्म हवा भरण्यात आणि काढण्यात गेला होता.

"हा तर बंद आहे."

"हो. सकाळीच केला."

"म्हणजे आता हे वाढत नाहीत?"

"नाही."

"मग चालू कशाला ठेवलंयस?"

टेबलाखालचा पंप एका लयीत धडधडत होता. गेल्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये आईच्या उशाशी बसून तिने असाच आवाज ऐकला होता. इतकी वर्षं ती रोज हा प्रयोग बंद करत आली होती. एक बटण डावीकडे फिरवायचं, की उजेड जातो आणि सगळे कण खालच्या थाळीवर पडतात. आवाजसुद्धा होत नाही. बटण फिरवता फिरवता ती पर्स खांद्याला लावायची. आज सकाळपासून तिचा हात तिथवर गेला नव्हता. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि तिने ते पुसलंही नाही.

"माझ्याने होत नाही रे," ती म्हणाली. "तू धीट आहेस. तूच फिरव."

भावाने काळी बोटं पँटला पुसली आणि बटणावर ठेवली. दुकानात गंजून बसलेले नट तो एका हिसक्यात सोडवायचा. हे बटण तर पोरासोरांनीही फिरवलं असतं. ताई श्वास रोखून काचेकडे बघत राहिली. उजेड गेला नाही. कण होते तिथेच होते.

तिने वळून पाहिलं. भावाची बोटं बटणावरच होती, पण बटण त्याने फिरवलं नव्हतं.

"ताई," तो म्हणाला, "डॉक्टरांना आपल्या दोघांपैकी एकाचाच होकार पुरे होता. त्यांनी मला परवाच विचारलं. तुझ्यापाशी अडलंय, असं सगळ्यांना मीच सांगितलं."