गालावरची हळद

जुनी प्लास्टिकची खेळणी उजळवणाऱ्या ईरप्पानं अंगणातली बाहुली उचलली. औषध लावून उन्हात ठेवलेली पिवळट बाहुली पांढरीशुभ्र झाली होती. पण हळद झाकायला गालावर लावलेली चिकटपट्टी उन्हानं सुटली होती आणि तिच्याखालची हळदीची इवली बोटंही उडाली होती. वळसंगच्या नागव्वानं बजावलं होतं, “बावली उजळा अण्णा, पण हळद ऱ्हाऊ द्या. लेकीनं लहानपणी लावलीय.” त्याच लेकीनं परस्पर लग्न केलं, म्हणून सहा वर्षं नागव्वानं तिचं तोंड पाहिलं नव्हतं. “दुसरी लावा की! कुणाला कळतंय?” बायकोनं हळदीची वाटी पुढं केली. ईरप्पानं बोट बुडवलं. ते पोरीच्या बोटाहून केवढं जाड! तेवढ्यात नागव्वाच दारात आली. बोट पुसत तो पुटपुटला, “हळद गेली, अक्का. चुकलंच माझं.” नागव्वा कोरा गाल चाचपत राहिली. मग म्हणाली, “आता तिलाच बोलवाय पायजे की.”