खांदेकऱ्यांची बीअर

ओटीलीने अंगणातल्या पिंपाचं झाकण काढलं आणि लाकडी उलथन्याने वरचा बर्फ फोडला.

थंडीने काम चोख केलं होतं. बीअरमधलं पाणी तेवढं गोठून वर आलं होतं आणि खाली काळाभोर, काकवीसारखा ऐवज उरला होता. तिने झाऱ्याने बर्फाचे तुकडे काढले नि कुंपणाकडे भिरकावले. पाणी जातं, कैफ राहतो. बीअर कडक करायची ही इथली जुनी रीत.

"अगं, परत?" कुंपणापलीकडून बुर्कहार्ट ओरडला. "पिंपात काही ठेवणार आहेस की नाही? आम्ही वेंडेलला खांद्यावर न्यायचं, ते काय कोरड्या घशाने?"

"अजून हलकी आहे."

"हलकी? परवा चमचाभर दिलीस, तर घरी जाताना मला माझंच फाटक सापडेना!"

"तुला शुद्धीवर असतानाही सापडत नाही. जा आपल्या कामाला."

बुर्कहार्ट हसला नाही. त्याने डोक्यावरची टोपी काढली. "कसा आहे तो?"

"आहे," ओटीली म्हणाली.

ही बीअर तिच्या नवऱ्याने, वेंडेलने, स्वतःच्या मयताच्या जेवणासाठी घातली होती. पानगळीत, धुण्याच्या तांब्याच्या हंड्यात, दुखण्याने वाकलेला असताना. खांदेकऱ्यांना घरची कडक, काळी बॉक बीअर पाजल्याशिवाय या गावात कोणी मातीत जात नाही, आणि ती मुरायला सबंध हिवाळा लागतो. "बीअर तयार झाली की मी मोकळा," त्याने डॉक्टरांच्या तोंडावर सांगितलं होतं. "त्याआधी नाही. कच्ची पाजून मला कोणी पुरायचं नाही!" पण हातात जोर नव्हता, जवाचं माल्ट कमी पडलं, बीअर पातळ उतरली. तेव्हा त्यानेच सांगितलं, बाहेर ठेव, एकदा बर्फ काढ, म्हणजे नीट होईल.

एकदा, असं तो म्हणाला होता. त्यानंतर दर कडाक्याच्या रात्री ओटीली कोणाला न विचारता पिंप अंगणात ओढत होती. औषधांनी वेंडेलची जीभ मेली होती, त्यामुळे चाखायचं काम तिचं. रोज सकाळी तो विचारायचा, झाली का? ती म्हणायची, नाही रे, अजून पाणचट आहे. मग तो दातओठ खाऊन आणखी एक दिवस काढायचा. रात्री त्याचं कण्हणं ऐकताना तिला स्वतःची लाज वाटायची, आणि सकाळी ती पुन्हा खोटं बोलायची.

आज पिंपातलं सगळं एका सुरईत मावलं. सुरई घेऊन ती आत आली.

"झाली का?" वेंडेलने विचारलं. आवाज म्हणजे नुसता वारा.

"अजून थोडी..."

"इकडे धर. उजेडात."

तिने पेल्यात थोडी ओतून तो खिडकीशी धरला. वेंडेलने मान वळवली. सगळा जन्म त्याने बीअर बनवण्यात आणि ती अशी उजेडात पाहण्यात घालवला होता. तिने पेला हलवला तेव्हा बीअर काचेवरून तेलासारखी ओघळली, आणि त्याला सगळं कळलं.

"अगं बाई माझे," तो म्हणाला, "ही बीअर आहे की घोड्याचं औषध? किती उरलीय?"

"सुरईभर."

"अख्ख्या पिंपातली?"

ओटीलीने होकारार्थी मान हलवली. तो हसू लागला, हसता हसता खोकला आला, आणि खोकल्याने अंगाचं धनुष्य झालं. तिने त्याला धरून ठेवलं. कळ ओसरायला बराच वेळ लागला.

"सहा दांडगट, आणि एक सुरई! बुर्कहार्ट मला वाटेतच खाली ठेवेल."

"तू असं बोललासच कशाला?" ओटीली एकदम रडायला लागली. "तयार झाली की मोकळा! मी काय करणार होते? तयार होऊ देणार होते?"

वेंडेलचा हात पांघरुणावरून सरकत सरकत तिच्या मनगटाशी आला.

"पाणी घाल," तो म्हणाला.

"काय?"

"गार पाणी घाल तिच्यात. थोडं थोडं. सहा जणांना पुरेल एवढी कर, पण बॉकची बॉक राहू दे. मग चाख. आणि ओटीली, या वेळी खरं सांग."

तिने मोठा घडा आणला, सुरई त्यात रिकामी केली. पाण्याची धार सोडताना थोडं जमिनीवर सांडलं. तिने ढवळलं, चाखलं, आणखी थोडं घातलं, पुन्हा चाखलं. वेंडेल डोळे न हलवता पाहत होता.

"सांग."

"आधी भाजलेल्या काळ्या पावाची कड लागते," ती म्हणाली. "मग सुकवलेले आलुबुखार. तुझ्या आईच्या माळ्यावर असायचे तसले. मग घसा गरम होतो... आणि मागाहून थोडं कडू, अगदी थोडं, आणि मग परत..."

"ओटीली," तो हळूच म्हणाला, "मी चव नाही विचारली."

तिने पेला खाली ठेवला. बाहेर कुंपणाशी टाकलेला बर्फ उन्हाने विरघळत होता.

"झाली," ती म्हणाली आणि त्याचा हात दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली.