बिनकडीचं दार

"तुम्ही गुरुवारी येणार होतात ना?" यारेलीनं जाळीच्या दाराआडूनच विचारलं.

"आज आले," बाई म्हणाल्या. गळ्यात बालकल्याण कचेरीचं ओळखपत्र, डाव्या काखेत फाइल. उजवा हात त्यांनी अंगाशी जपून धरला होता.

यारेलीनं चौदा महिन्यांच्या इत्झेलला कडेवर घट्ट आवळलं. नेमकं आत्ताच! मागच्या अंगणातल्या न्हाणीत म्हातारा डोन चुय होता, आणि त्याला आत जाऊन दोन मिनिटं झाली होती.

फाटकाबाहेर काळ्या काचांची गाडी उभी होती. इंजिन चालू होतं. मेक्सिकोच्या सीमेवरच्या मेहिकालीत, ऑगस्टच्या उन्हात गाडी बंद करून आत बसणं कुणालाच जमणार नाही, म्हणजे आत कुणीतरी होतं. उतरत मात्र नव्हतं. पोलीस?

कोपऱ्यावरच्या ओफेलियाबाईंनी कचेरीत तक्रारअर्ज दिला होता: लहान लेकरू असलेल्या घरात गर्दुल्ल्यांना थारा. पलीकडच्या गल्लीतलं एक मूल कचेरीनं गेल्याच महिन्यात उचलून नेलं होतं. ते अजून परत आलं नव्हतं.

स्वयंपाकघर, पाळणा, दुधाच्या बाटल्या, सगळं बाईंनी एका नजरेत उरकलं. पेनाचं टोपणसुद्धा काढलं नाही.

"न्हाणी कुठंय?"

आता लपवून काय उपयोग? यारेलीनं मधल्या दाराचं कुलूप काढलं.

"लेक इकडं कधी येत नाही, मॅडम. हे दार बंदच असतं. आज तुम्ही आलात म्हणून कडेवर घेतलीय."

न्हाणीबाहेर, लेकराचा हात पोचणार नाही इतक्या उंचावर, वापरलेल्या सुयांचा लाल डबा ठोकलेला होता. शेजारी नव्या सुयांचं खोकं. यारेलीनं घड्याळ पाहिलं आणि दारावर तीनदा टकटक केलं. आतून पत्र्याचा कप दोनदा वाजला.

"हे काय?"

"दर तीन मिनिटांनी मी वाजवते, आतल्यानं कप वाजवायचा. बाहेर कुणी नसताना इथं नशा करायची नाही, असा नियम आहे."

"आणि कप वाजला नाही तर?"

"तर आत जायचं." यारेलीनं खिशातली छोटी पांढरी नळी दाखवली. "हे नाकात मारलं की थांबलेला श्वास परत येतो. सीमेच्या भिंतीपलीकडच्या, अमेरिकेतल्या मैत्रिणी पाठवतात."

"हातात वेळ किती असतो?"

असं कुणी अधिकारी विचारतं का? "चार-पाच मिनिटं. त्याहून जास्त धरून चालायचं नाही."

बाई दाराकडे बघत राहिल्या. आतल्या बाजूचे चार स्क्रू उपटलेले होते, त्यांची भोकं बाहेरूनही दिसत होती.

"कडी नाही?"

"काढून टाकली. माझा भाऊ आतून कडी लावून बसला होता. आम्हाला वाटलं, अंघोळ करतोय. दार फोडेपर्यंत..." यारेलीनं इत्झेलला दुसऱ्या कडेवर घेतलं.

बाईंचा डावा हात उजव्या खांद्यावर गेला. कॉलरखाली काहीतरी काळंनिळं दिसलं.

"अर्जात लिहिलंय, अशी सोय केली की लोकांना आणखी फूस मिळते."

यारेलीला गप्प बसणं जमेना. "ओफेलियाबाईंना म्हणावं, हाकलल्यानं कुणी नशा सोडत नाही. इथून उठले की नाल्यात जातात. एकाची सुई दुसरा टोचून घेतो, आणि तिथं टकटक करायला कुणी नसतं. सोडायची तेव्हा सोडतील, मॅडम. पण त्यासाठी आधी जिवंत तर राहायला हवं ना?"

बोलण्याच्या नादात तीन मिनिटं उलटली होती. तिनं घाईनं टकटक केलं.

कप वाजला नाही.

पुन्हा टकटक. काहीच नाही.

"ढकला! दार ढकला!" बाई किंचाळल्या, आणि यारेली पुढे व्हायच्या आत त्यांनीच डाव्या हातानं दार लोटलं.

डोन चुय पालथ्या बादलीवर बसून जमिनीवर चाचपडत होता. "अगं, कप घरंगळला, पोरी! म्हाताऱ्या माणसाला वाकायला तरी वेळ देशील?" त्यानं डोळे बारीक केले. "आणि ह्या कोण? माझ्यासाठी स्थळ आणलंस की काय?"

बाई मटकन पायरीवर बसल्या. ऊन बाधलं असावं, यारेलीला वाटलं.

"पाणी आणू?"

"नको. तुम्ही इथंच थांबा." फाइल पायरीवरच टाकून त्या उठल्या आणि घरातून थेट फाटकाकडे निघाल्या. गाडीकडे.

संपलं. यारेली आत धावली. पिशवीत दुधाची बाटली टाकली, दोन झबली, कापडी ससा. सशाशिवाय इत्झेल झोपायची नाही, हे त्यांना कोण सांगणार? तिनं लेकीच्या केसांत तोंड खुपसलं आणि तशीच जाळीच्या दारापाशी येऊन उभी राहिली. लेकीला मागायला आले तरी मिठी सोडायची नाही, एवढंच तिनं ठरवलं.

बाईंनी गाडीचं मागचं दार उघडलं. आत विशीतली एक हडकुळी मुलगी, नाक-डोळे थेट बाईंचे, पाय पोटाशी घेऊन बसली होती. एवढ्या उन्हात तिच्या अंगात लांब बाह्यांचा सदरा होता.

"उतर, बाळा," बाई म्हणाल्या. "इथल्या दाराला कडी नाहीये."