डुलणारी सावली

एकोणीसशे एक्केचाळीसच्या उन्हाळ्यातल्या त्या संध्याकाळी लेफ्टनंट एकार्ट मजेत होता. शत्रूचं विमान दिसलं नव्हतं, एक गोळीही झाडावी लागली नव्हती, आणि फ्रान्समधल्या कॅलेजवळच्या जर्मन विमानतळावर प्लमचा केक वाट बघत होता. पाठराखणीला असलेला कुनो मघाशी ढगात शिरला होता. तो मागून येतच असेल.

तळ दिसू लागला. उतरत्या उन्हात एकार्टच्या विमानाची सावली गव्हावरून पळत होती. तो सरळ नाकासमोर चालला होता. सावलीने मात्र पंख डुलवले, शत्रूचं विमान पाडून परतणारा वैमानिक डुलवतो तसे.

एकार्टने हाताकडे पाहिलं. हात स्थिर होता. डोळ्यांवर ऊन आलंय, असं म्हणून तो स्वतःशीच हसला आणि अलगद उतरला.

मेकॅनिक वेंझेल रंगाचा डबा घेऊन उभाच होता. पाडलेल्या प्रत्येक विमानामागे शेपटीवर एक पट्टा ओढायचं काम त्याचं.

"कसला पट्टा? आज कोरडाच आलोय."

"मग साहेब, तुमची सावली आमच्या अंगावरून डुलत कशी गेली?"

"तोफेला हात लावून बघ, बाबा, आणि मला केक खाऊ दे."

वेंझेलने पंखातल्या तोफेच्या नळीला हात लावला. ती गार होती. "हरलो," तो म्हणाला, आणि थट्टेतच वाकून गवतावर पडलेल्या नळीच्या सावलीलाही त्याने हात लावला.

चटका बसून त्याने हात झटकन मागे घेतला. बोटांना बंदुकीच्या दारूचा वास येत होता.

"साहेब," तो हळू आवाजात म्हणाला, "कुनोसाहेब कुठे राहिले?"