उपाशी क्विल्ट

अंधेरीच्या क्लासात गंधाली तीन महिने सॅम्पलर क्विल्ट शिवत होती. बारा चौकोन, प्रत्येक चौकोनात नवा धडा. प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी एकच कोपरा शिवायचा उरला होता. ती आंघोळीला गेली आणि सासूबाईंनी त्या कोपऱ्यात चपातीचा तुकडा सारून टाके घालून टाकले.

"आई, मुंग्या लागतील ना. क्विल्ट आहे ती, गोधडी नाही."

"काय पण असांदे. पांघरूण उपाशी ठेवूचा नसता गो."

उसवायला वेळ नव्हता. प्रदर्शनात क्लासच्या मॅडमचा हात नेमका त्याच कोपऱ्यावर थांबला. गंधालीनं ओशाळून सगळं सांगून टाकलं, वर सासूबाई मालवणकडच्या आहेत, अशी सबबही जोडली. मॅडमनी ते फोनमध्ये टिपून घेतलं.

आठवड्याभरात क्लासच्या ग्रुपवर मेसेज आला: तेरावा धडा, 'फीडिंग द क्विल्ट', जागा मर्यादित. गंधालीनं सगळ्यांच्या आधी नाव नोंदवलं आणि क्विल्टला खाऊ का घालायचं असतं, ते सासूबाईंना नीट समजावून सांगितलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "मगे चपाती मी करून देव?"

"नको आई, ती किटमध्येच येते."