शालनचं कुंकू

नवरा वारला तरी शालन रोज ठसठशीत कुंकू लावून, गळ्यात मंगळसूत्र घालून शिरोलीला कारखान्यात कामाला जायची. शेजारच्या वर्षाराणीला तिच्या धाडसाचं केवढं कौतुक. वर्षाराणीच्या महिला मंडळानं विधवांचं हळदीकुंकू ठरवलं, तेव्हा कडेवरचं लेकरू सावरत ती आधी शालनच्याच दारात गेली.

"ताई, पहिला मान तुझा हाय."

शालननं दार अर्धंच उघडलं. "माझाच का? फोटोबिटो काढणार न्हाईस न्हवं?"

"काढू की एखादा. एवढ्याला भितीस व्हय? वाघीण हाईस तू!"

हळदीकुंकू थाटात झालं. दुसऱ्या दिवशी शिवाजी पेठेत कोपऱ्यावर शालनच्या फोटोचा फ्लेक्स लागला, 'पतीनिधनानंतरही कुंकू जपणाऱ्या शालनताईंना मानाचा मुजरा!' तोच फोटो मोबाईलवरून गावभर फिरला.

संध्याकाळी शालन वर्षाराणीच्या दारात येऊन उभी राहिली. घरात काही यायला तयार होईना.

"सासरची काय बोलली व्हय गं?" वर्षाराणीनं विचारलं. "नाव सांग फक्त. सगळ्या बायका घेऊन जातो आम्ही."

"त्यांची काय टाप हाय?" शालन कपाळावरचं कुंकू पदरानं पुसत म्हणाली. "कारखान्यात माझा नवरा जित्ता होता, वर्षा. सुट्टी झाली की न्यायला येतोय, म्हणून सांगायची मी. आज सुपरवायझर म्हणाला, 'आता रोज मी सोडतो की घरला.'"